दोन मिनिटांचा तंबू आणि आंबोलीच्या तीन रात्री

तंबू पहिल्यांदा आमच्या गच्चीवर उघडला तेव्हा लेकीने मोबाईलवर वेळ लावली होती. खोक्यावर ६० सेकंद छापलं होतं. आम्हाला एक मिनिट चाळीस सेकंद लागले, त्यातले वीसेक कुठली दोरी ओढायची हे शोधण्यात गेले. दोरी ओढली, वरचा सांधा खट्‌कन बसला आणि चार माणसांचा निळा तंबू गच्चीत उभा राहिला. लेक आत शिरून नाचायला लागली. बाबा कठड्याला टेकून बघत होते. शेजारचे काकाही वर आले होते. वडगावात त्यांचे चाळीस वर्षं माग चालले, त्यामुळे कापड दिसलं की त्यांचा हात आधी जातो. त्यांनी तंबूचं कापड दोन बोटांत धरून चोळलं आणि म्हणाले, "झटक्यात उभा केलास की रे. खरं, घडी कशी घालणार?"

घडी घालायला पंचवीस मिनिटं लागली, आणि तरीही तो आपल्या पिशवीत गेला नाही.

यंदाच्या कोजागरीला मंडळात दोघातिघांनी मला विचारलं, "तो झटपट टेंट घेऊ का? टिकतो का?" मसाला दूध हातात घेऊन उभ्या उभ्या जे सांगितलं ते अर्धवट होतं, म्हणून हा लेख.

आधी तंबू घेतला का, ते सांगतो. १९७६ च्या दसऱ्याच्या सुट्टीत बाबा आणि त्यांचे तीन मित्र बेळगावहून सायकलने आंबोलीला गेले होते. कॅरियरला एकेक घोंगडी आणि डब्यात भाकरी. हिरण्यकेशीच्या देवळात झोपले, रात्रभर पाऊस लागला, पहाटे गुहेतून येणाऱ्या पाण्यात तोंड धुतलं. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकली आहे. पुढे नोकरी, घर, आईचं आजारपण, आणि बाबा तिथे रात्रीच्या मुक्कामाला पुन्हा कधी गेलेच नाहीत. आता एकाहत्तरीला गुडघे कुरकुरतात. मी दोन वेळा हॉटेलची खोली घेऊ म्हटलं. दोन्ही वेळा एकच उत्तर: "खोलीतच झोपायचं तर आपलं घर काय वाईट आहे?"

म्हणून तंबू. आणि गाडीने जाणार, म्हणजे पाठीवर वाहायचा नाही, म्हणून झटपट तंबू. हिशेब सोपा वाटला होता.

ठरलं असं, की आधी आम्ही तिघं जाऊन बघायचं आणि सगळं नीट जमलं की बाबांना न्यायचं.

पहिली खेप जानेवारीत. वेंगुर्ला रस्त्याने हिंडलगा मागे टाकलं, शिनोळीला हद्द ओलांडली की चंदगड तालुका. पुढे ऊस, काजूच्या बागा, आणि हळूहळू थंड होत जाणारी हवा. बेळगावपासून सत्तर किलोमीटरच्या आत आपण ६९० मीटर उंचीवरच्या आंबोलीत असतो. आजूबाजूचं बरंचसं रान वनखात्याचं आहे, वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही आणि ठोकूही नये. रात्री गवे फिरतात. आम्ही एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी मालकांना विचारून त्यांच्या अंगणात जागा घेतली. संडास-न्हाणीघर वीस पावलांवर. बाबांच्या दृष्टीने हे सगळ्यात महत्त्वाचं होतं.

तंबू दोन मिनिटांत उभा राहिला आणि मग खुंट्यांपाशी अडलं. आंबोलीचं पठार जांभ्याचं. वर चार बोटं माती आणि खाली दगड. तंबूबरोबर आलेल्या तारेसारख्या खुंट्या पहिल्या घावाला वाकल्या. आठातल्या सहा गेल्या. शेवटी मालकांनी चार जांभ्याचे चिरे दिले, ते आतून कोपऱ्यांवर ठेवले आणि झोपलो. हवा शांत होती म्हणून निभावलं.

पहाटे बायकोने हलवून उठवलं. "हा गळतोय." खरंच, छताला आतून थेंब होते, लेकीच्या पांघरुणावर ओल होती. बाहेर पावसाचा पत्ता नाही, आकाशात चांदण्या. तिघांनी रात्रभर श्वास सोडला, थंडी म्हणून मी खिडक्या आणि वरची झडप सगळं गच्च बंद केलं होतं, आणि ती वाफ गार कापडावर जाऊन बसली. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी धरतं, तेच. तंबू खराब निघाला म्हणून परत करणारे बरेच जण या पाण्याला फसत असणार. उपाय एकच, कितीही थंडी असली तरी वरची झडप उघडी ठेवायची आणि अंगावर एक पांघरूण जास्त घ्यायचं. जाळीचा आतला तंबू आणि वर वेगळं छत अशी दोन थरांची रचना असेल तर थेंब बाहेरच्या थरावर धरतात आणि अंगावर पडत नाहीत. घेताना हे बघाच. एकेरी कापडाचे स्वस्त तंबू आपल्याकडच्या दवाच्या रात्रींत झोपू देत नाहीत.

झटपट तंबूंतही प्रकार आहेत. एक स्प्रिंगवाला, हवेत सोडला की उघडतो. २००५ मध्ये डिकॅथलॉनच्या केशुआने आणलेल्या '२ सेकंद'वाल्या तंबूने हा प्रकार घरोघरी पोचवला. त्याची घडी म्हणजे पाऊण मीटरची गोल थाळी, जी छोट्या गाडीच्या डिकीत आडवी बसत नाही. दुसरा आमचा, छत्रीसारखा. काड्या मधल्या सांध्याला कायमच्या जोडलेल्या. याची पिशवी एक मीटरहून लांब, ती मागच्या सीटच्या पायाशी ठेवावी लागते, म्हणजे लेकीचे पाय सीटवर. तिसरा हवा भरायचा, जड आणि महाग. आणि गाडीच्या टपावर बसवायचा एक येतो, फोटोत फार छान दिसतो. तो पन्नास किलोच्या वर जातो, आणि छोट्या गाडीचं छप्पर चालत्या गाडीत किती वजन पेलतं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. एकदा उघडून वाचा, मग उत्साह आपोआप उतरतो. शिवाय शिडी. एकाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांना शिडी!

'चार माणसांचा' या शब्दावरही जाऊ नका. आमचा तंबू आतून २१० सेंटिमीटर रुंद आहे. भागिले चार केलं तर माणशी बावन्न सेंटिमीटर येतात. आगगाडीचा बर्थ याहून रुंद असतो. चार लिहिलं असेल तर दोन मोठे आणि एक मूल समजायचं.

दुसरी खेप मे महिन्याच्या शेवटी. मधल्या काळात तिलारीकडे आणि जांबोटीजवळच्या एका मित्राच्या शेतात मिळून चार-पाच रात्री झाल्या होत्या, त्यामुळे मी जरा निर्धास्त झालो होतो. बेळगावातून आठ इंची लोखंडी खिळे नेले होते, ते जांभ्यात छान बसले. पण ताणाच्या दोऱ्या पिशवीतच राहिल्या. झटपट तंबूचा हा गुण म्हणा की दोष, तो दोऱ्यांशिवायही उभा राहतो, त्यामुळे काम झालं असं वाटतं.

साडेसातला पश्चिमेकडून ढग आले. कावळेसादला पावसाळ्यात दरीतून येणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो, हे पर्यटकांचं कौतुकाचं दृश्य. तोच वारा तंबूला लागला की कौतुक राहत नाही. वळवाचा पहिला झोत आला तसा तंबूचा एक पूर्ण अंग आमच्या डोक्यापर्यंत आत वाकला. सरळ झाला. दुसऱ्या झोताला पुन्हा वाकला आणि काडी मोडल्याचा आवाज आला, वाळकं बांबूचं कांडं मोडावं तसा. छत तोंडावर. लेक रडायला लागली. मी अंधारात मोडकी काडी हाताने धरून ठेवायला गेलो आणि काचतंतूंची कुसळं तळहातात घुसली. ती पुढे दोन दिवस टोचत होती. पावसात धावत गाडीत शिरलो आणि रात्र तिथेच काढली.

काचेवर पाऊस वाजत होता. लेक झोपल्यावर बायको एवढंच म्हणाली, "बाबांना तू यात आणणार होतास?"

याला उत्तर नव्हतं. गुडघे धरून बसणारा माणूस, अंधार, पाऊस, तोंडावर पडलेलं छत. त्या रात्री ते आत असते तर काय झालं असतं, हे मी पुढचे कित्येक दिवस मनात चालवून बघत होतो.

घरी आल्यावर विक्रेत्याला फोन केला. सुटी काडी मिळत नाही, वॉरंटीत वाऱ्याने झालेली मोडतोड येत नाही, नवा घ्या. झटपट तंबूचा खरा कमकुवतपणा मला इथे समजला. साध्या तंबूची काडी मोडली तर त्याच जाडीची दुसरी काडी ओवता येते. इथे प्रत्येक काडी सांध्याला रिव्हेटने जखडलेली. एक गेली की साडेसहा हजारांचा सगळा तंबू गेला. उभारायची दोन मिनिटं वाचवण्यासाठी आपण दुरुस्तीची सोय विकलेली असते.

तंबू माळ्यावर जाणार होता, पण काकांनी विचारलं, "छत्रीच आहे ना ही? मग छत्रीवाल्याकडे ने."

जूनच्या तोंडावर बाजारात छत्री दुरुस्तीवाले बसतात. गणपत गल्लीजवळच्या एकाकडे ती भली मोठी पिशवी घेऊन गेलो. आजूबाजूचे हसले. तो माणूस मात्र हसला नाही. त्याने सांधा तीनदा उघडला-मिटला, मोडलेली काडी बघितली आणि म्हणाला, "काडी मोडलीय, सांधा चांगला आहे. सांधा गेला असता तर हात लावला नसता." मोडलेल्या जागी दोन्ही टोकं आत घेईल अशी दहा सेंटिमीटरची धातूची नळी चढवली, दोन्हीकडून ठोकून आवळली. दुसऱ्या दोन काड्यांचे रिव्हेट सैल झाले होते, तेही बदलले. ऐंशी रुपये घेतले. वर सल्ला दिला, उघडताना खालचे पाय आधी सरळ करायचे आणि सांधा शेवटी दाबायचा, नाहीतर सगळा जोर एकाच काडीवर येतो. हे खोक्यातल्या कागदावर कुठेही नव्हतं.

कापडाचं शिक्षण काकांकडे झालं. कापडावरच्या बारीक चौकटी दाखवून ते म्हणाले, "ताण्यात आणि बाण्यात ठरावीक अंतरावर जाड धागा टाकलाय. फाटलं तर चौकटीपाशी थांबेल." आतल्या बाजूचा चकाकणारा लेप नखाने हळूच खरवडून बघितला. "पाणी हा अडवतो, कापड नाही. हा गेला की ही नुसती ओढणी." कापड किती पाणी अडवतं ते मिलिमीटरमध्ये देतात. १५०० लिहिलं असेल तर त्या कापडावर दीड मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते थेंब खाली येऊ देणार नाही. छताला साध्या पावसासाठी एवढं चालतं, पण आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे जास्त असलेलं बरं. जमिनीच्या कापडाला तर ३००० हवंच, कारण गुडघा टेकला की सगळं वजन तेवढ्याच जागेवर येतं आणि ओल वर येते. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे ना, हे दुकानातच बघा. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे एक नळ.

आणि हा लेप मरतो कशाने? उन्हाने कापड कुजतं, म्हणून दिवसभर तंबू उन्हात उभा ठेवायचा नाही. पण आपल्याकडे उन्हापेक्षा माळा जास्त तंबू खातो. ओलसर घडी करून पावसाळाभर माळ्यावर टाकला की लेप चिकट होतो, आंबूस वास येतो आणि एक दिवस पापुद्रे सुटतात. तंबू एका रात्रीत वापरून झिजत नाही, तो घरी पडून झिजतो.

तिसरी खेप दसऱ्याच्या सुट्टीत. बाबांना मी मे महिन्याचं सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "आमचं तर देऊळ होतं. तुझ्याकडे गाडी आहे की." या एका वाक्याने माझा विचार बदलला. मी इतके दिवस गाडी लांब उभी करून अंगणाच्या मधोमध तंबू लावत होतो, फोटोत चांगला दिसतो म्हणून.

या वेळी गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लावली, तिच्या आडोशाला तंबू, आणि तंबूचं दार मागच्या दाराच्या समोर. रात्री उठायचं झालं तर बाबांना गाडीच्या दाराच्या वरचं हँडल धरून उभं राहता यावं. चारही ताणाच्या दोऱ्या बांधल्या, त्यातली एक गाडीच्या चाकाला, आणि स्टिअरिंगवर लाल फडकं, म्हणजे सकाळी विसरून गाडी हलवू नये. औषधं, कोरडे कपडे, बॅटरी गाडीत. आत बाबांसाठी जाड गादी. बायको आणि लेक त्यांच्या शेजारी, मी मागच्या सीटवर. थंडी वाजली तरी तंबूशेजारी इंजिन चालू ठेवायचं नाही आणि आत शेगडी तर अजिबात नाही, तो धूर वास न देता माणूस मारतो. हे सगळं करायला चाळीस मिनिटं लागली. त्यातली दोन तंबूची.

संध्याकाळी हिरण्यकेशीला गेलो. गुहेतून पाणी अजून तसंच येतं. त्या कुंडात सापडलेल्या एका इवल्याशा माशामुळे २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली, त्यामुळे आता तिथे तोंड धुवायचं नाही, साबण तर नाहीच. बाबांनी पाटी पूर्ण वाचली. "आम्ही खुशाल दात घासले होते इथे," म्हणाले आणि लेकीकडे बघून जीभ चावली. लेकीला मी सांगितलं, हेच पाणी आजऱ्यावरून, संकेश्वरावरून आपल्या जिल्ह्यात येऊन घटप्रभेला मिळतं. तिने विचारलं, मग मासापण येतो का?

रात्री अकराला पाऊस लागला. मे महिन्यासारखा नाही, परतीचा, संथ आणि लांबणारा. मी सीटवर जागाच होतो. दर पंधरा मिनिटांनी बॅटरीने नळी चढवलेली काडी बघत होतो. तीनच्या सुमारास गाडीचं दार हललं. बाबा हँडल धरून उभे होते. मी घाबरून उठलो. "काही नाही रे, बेडकं ऐकतोय," ते म्हणाले. घडीची खुर्ची तंबूच्या पुढच्या छपराखाली ओढली आणि बसले. मीही बाहेर आलो. ते म्हणाले, त्या वेळी चौघांत तीनच घोंगड्या कोरड्या राहिल्या होत्या, त्यामुळे दोघं एका घोंगडीत होते. शंभरदा ऐकलेल्या गोष्टीत हा भाग कधी आला नव्हता. आणखीही काही सांगितलं, ते घरचं आहे. पाच वाजेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

सकाळी तंबू चिंब होता, आतून कोरडा. चिंब तंबूची घडी अर्ध्या तासानेही होईना तेव्हा सरळ खताच्या मोठ्या पिशवीत कोंबला आणि निघालो. बेळगावातही दोन दिवस ऊन नव्हतं. मग तो हॉलमध्ये उभा केला, पंखा लावून. सोफा एका बाजूला सरकवला, टीव्ही दिसेना, बायको काही बोलली नाही. आतापर्यंत सतरा रात्री झाल्या आहेत. नळी पक्की आहे, दाराच्या चेनचा रनर एकदा बदलला, जमिनीच्या कापडाला एक भोक पडलं त्याला ठिगळ लावलंय. नवा घ्यायची वेळ आली तर मी ओवायच्या काड्यांचा साधा तंबू घेईन, दहा मिनिटं लागली तर लागू देत.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका डोकावले. बाबा तंबूच्या दारात गादीवर आडवे झाले होते, पंखा अंगावर घेऊन.

"अजून वाळला नाही होय?" काकांनी विचारलं.

"वाळलाय की," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "खरं, आजच्या दिवस राहू दे."